दुसऱ्या पहाऱ्यातला खोकला

रघू,

तुझा तेरावा होऊन पाच दिवस झाले. शाळेत शोकसभाही झाली. मुख्याध्यापक बोलले, दोन शिक्षक बोलले, तुझ्या वर्गातल्या एका मुलीने कागदावरून वाचून दाखवलं की सर भूगोल शिकवायला लागले की समुद्र समोर दिसायचा. सगळे तुला मनमिळाऊ म्हणाले. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला कोणी बोलायला उठवलं नाही, ते बरंच झालं. तुझ्याबद्दल मला जे बोलायचं आहे ते शोकसभेत बोलण्यासारखं नाही. मला तुला एक प्रश्न विचारायचा होता. नऊ वर्षं विचारायचा होता.

प्रश्न साधा आहे. एडनहून घरी येताना, भर समुद्रात, एका रात्री मी टाकीतलं पाणी चोरून प्यायलो. तू माझ्यापासून चार हातांच्या अंतरावर आडवा होतास. तेव्हा तू जागा होतास की झोपेत?

बस, एवढंच. एवढ्यावर आपली मैत्री नऊ वर्षं लोंबकळत राहिली. "वामन, तुले तर आरतीच्या ताटातही काळंबेरं दिसते," असं तू म्हणायचास. दिसतं. काय करू? स्वभाव आहे. दूधवाल्याने माप जरा सढळ घातलं की मी दिवसभर विचार करतो, आज याने नेमकं काय केलं असेल. मग तू कसा सुटणार होतास?

त्या गलबतावर बसायची कल्पना तुझीच. लढाई संपली होती, देश स्वतंत्र झाला होता, आणि एडनच्या गोदीतल्या कचेऱ्यांमध्ये कारकुनी करणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्यांना एकाच वेळी घर आठवलं होतं. आगबोटीचं तिकीट महिनोन् महिने मिळत नव्हतं. माझ्या आईच्या आजारपणाचं पत्र येऊन पडलं होतं. एका दुपारी तू बंदरावरून धावत आलास. "चाल, काठेवाडाकडे एक गलबत निघून राहिलं. कातडी अन् खजूर आहे त्याच्यात. तांडेल आपल्याले घ्यायला तयार आहे." मी विचारलं, किती मोठं आहे? तू म्हणालास, चांगलं मोठं आहे. प्रत्यक्षात ते गलबत आपल्या तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्यांशी लावलं असतं तर दोन्ही बाजूंना धुणं धुवायला जागा उरली असती. एक डोलकाठी, एक शीड, तांडेल धरून नऊ माणसं आणि आपण दोघे. कातड्यांचा वास असा, की पहिले दोन दिवस मी काही खाल्लंच नाही. तू मात्र पहिल्याच संध्याकाळी सुकाणूवरच्या माणसाशी गप्पा मारत बसला होतास.

आठवड्याभरात दोन खलाशी तापाने पडले आणि तांडेल आपल्याकडे आला. म्हणाला, "बाबूलोग, आप पढ़े-लिखे हो. रात को जाग सकते हो." शिकलेल्या माणसाला जागता येतं हा समज त्याला कुठून झाला कोण जाणे. काम असं की रात्री गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसायचं आणि पुढच्या अंधारात पाहत राहायचं. वादळाची भीती त्या दिवसांत नव्हती, भीती आगबोटींची होती. त्यांना आपल्यासारखं गलबत दिसतही नाही, वरून निघून जातात आणि त्यांच्या कप्तानाला सकाळपर्यंत पत्ता नसतो. दूर दिवा दिसला की ओरडायचं, डोलकाठीवरचा कंदील काढून हलवायचा. पहिला पहारा तुझा, दुसरा माझा. तांडेलाने नियम एकच सांगितला, पण दोनदा सांगितला: पहाऱ्यावरच्या माणसाने पाठ टेकायची नाही.

पाळी कधी बदलायची ते तू ताऱ्यांवरून ठरवायचास. तुमच्या मळ्यात केळीला रात्रीचं पाणी द्यायचं काम लहानपणापासून तुझ्याकडे, त्यामुळे विंचवाचं नक्षत्र हेच तुझं घड्याळ. विंचवाची नांगी पूर्ण वर आली की अर्धी रात्र झाली. तिसऱ्या रात्री माझ्या लक्षात आलं की माझा पहारा काही केल्या संपत नाही, उजाडायचं नावच घेत नाही. चौथ्या रात्री मी तुझ्यावर उखडलो. म्हटलं, तू मला लवकर उठवतोस आणि स्वतः जाऊन घोरतोस. तू आईची शपथ घेतलीस. "नांगी पुरी वर आली तेव्हाच उठवलं रे." भांडण तांडेलापर्यंत गेलं. त्याने तुला विचारलं, तुमच्या गावी हे नक्षत्र कुठून उगवतं? तू म्हणालास, टेकडीमागून. त्यावर तांडेल एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. "और यहाँ टेकड़ी किधर है, बाबू?"

तुमच्या मळ्याच्या आग्नेयेला टेकडी. ती चढून वर यायला विंचवाला अर्धा-पाऊण तास जास्त लागायचा. समुद्रावर टेकडी नाही. तो आपल्या वेळेला सरळ पाण्यातून वर यायचा आणि तू इमानाने मला हलवून उठवायचास. केळीच्या मळ्यातल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगतो, माझं समाधान झालं नव्हतं. भूगोलाचा एवढा षौक असलेल्या माणसाला टेकडी कशी आठवली नाही, हे मी बराच काळ मनात ठेवलं.

मग वारा पडला. शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबायला लागलं. सुकाणूवरच्या माणसाला करायला काही उरलं नाही, तोही रात्री झोपायला लागला, आणि आख्ख्या गलबतावर जागा माणूस एकच, पहाऱ्यावरचा. चौथ्या दिवशी तांडेलाने पिण्याच्या पाण्याला माप लावलं. पाणी डोलकाठीजवळच्या लाकडी टाकीत असायचं आणि टाकी कासमचाचाच्या ताब्यात. कासमचाचा म्हणजे गलबतावरचा स्वयंपाकी. साठीचा म्हातारा, एका कानाने बहिरा. रात्री तो टाकीला पाठ लावूनच झोपायचा. आता सकाळी दोन करवंट्या पाणी आणि संध्याकाळी दोन. रोज सूर्य बुडताना तांडेल टाकीत एक काठी उभी घालायचा, ती जिथपर्यंत भिजे तिथे कोळशाने खूण करायचा आणि कालची खूण आणि आजची खूण सगळ्यांना दाखवायचा.

आपण पडलो बुऱ्हाणपूरचे. आपल्याकडे कुंडी भंडाऱ्याच्या जुन्या भुयारांमधलं पाणी जमिनीखालून आपल्या पायांनी चालत येतं आणि त्याला कोणी काठी लावून मोजत नाही. त्या दिवसांत तू तेच बोलत सुटायचास. इतवारा मोहल्ल्यातल्या तुमच्या घरचा रांजण, त्याच्यावरचं ओलं फडकं, उन्हातून आल्यावर त्यात हात घातला की कोपरापर्यंत कसं गार वाटतं. मी म्हटलं, रघू, गप्प बस, नाहीतर तुला खाली ढकलीन. तू म्हणालास, "ढकल ना यार. पाणी तर मिळेल."

माप लागल्यानंतरची ती चौथी रात्र. "ऊठ, विंचू आला," म्हणून तू मला उठवलंस आणि पोत्यांवर जाऊन पडलास. माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी नाळेकडे जायचं सोडून टाकीकडे गेलो. कासमचाचाचा चांगला कान उशीत होता. मी झाकण सरकवलं, करवंटी बुडवली आणि प्यायलो. एक. मग अजून अर्धी. झाकण परत लावताना करवंटी लाकडावर आपटली आणि त्याच वेळी तू खोकलास.

एकदाच खोकलास. फार मोठ्याने नाही. मी होतो तसा उभा राहिलो. तू हललाही नाहीस.

रघू, त्या खोकल्यावर मी जेवढा विचार केला आहे तेवढा बायको निवडतानाही केला नव्हता. झोपेत खोकणारा माणूस कूस बदलतो, निदान काहीतरी पुटपुटतो. तू तसं काही केलं नाहीस. म्हणजे तू जागा होतास, आणि तो खोकला मला सांगण्यासाठी होता, की बाबा, मी पाहतोय. पण तहानेने सगळ्यांचेच घसे खरवडले होते, रात्रभर कोणी ना कोणी खोकतच असे. म्हणजे नसशीलही सांगत. मी या दोन टोकांमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या आहेत की शेवटी खोकल्याचा आवाजच मला नीट आठवेनासा झाला.

दुसऱ्या संध्याकाळी काठीवरची खूण हवी त्यापेक्षा खाली होती. त्यानंतरच्या संध्याकाळी आणखी खाली, आणि त्याच्या पुढच्या दोन संध्याकाळीही तेच. मी प्यायलो होतो एकाच रात्री, तेही दीड करवंटी. मग रोज पाणी कुठे जातं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मनात म्हटलं, टाकी गळत असेल, उन्हाने आटत असेल. भ्यालेल्या माणसाला स्वतःच्या पापाखेरीज दुसरं काही दिसत नाही.

तांडेलाने कासमचाचाला सगळ्यांसमोर उभं केलं. टाकी त्याच्या पाठीशी, म्हणजे चोर तो. चाचा म्हणाला, "सारी उमर यही काम किया, किसी का एक घूँट नहीं लिया." तांडेलाने त्याला मारलं नाही, शिवीही दिली नाही. त्याच्या हातातली करवंटी काढून घेतली आणि दुसऱ्या खलाशाच्या हातात दिली. चाचा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला. त्या दिवसापासून तो कोणाशी बोलला नाही. मी तेव्हा तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडेच पाहत होतास. आपण दोघांनीही तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांनी वारा आला आणि आठवड्याने बंदर आलं. आपण एडन सोडलं तेव्हा त्या बंदरावर एका राजाचं राज्य होतं, उतरलो तेव्हा ते संस्थान विलीन झालेलं. जकातीच्या कारकुनाकडे झेंडा नवा आणि शिक्का जुना. तो आपल्या कागदावर शिक्का मारायचा आणि मग त्यातला राजाचा मुकुट पेनाने खोडायचा. तू पोट धरून हसत होतास. मी मात्र कासमचाचाकडे पाहत होतो. तांडेलाने त्याला कामावरून काढलं होतं. वळकटी खांद्यावर टाकून तो धक्क्यावरून एकटाच चालला होता. त्याला हाक मारून खरं सांगायला मला फार तर वीस पावलं चालावी लागली असती. मी चाललो नाही. तूही हसायचा थांबलास, पण चालला नाहीस. मी मनात म्हटलं, रघूला सगळं ठाऊक आहे आणि तो माझ्यासाठी गप्प आहे. त्या क्षणापासून मला तुझा राग यायला लागला.

गावात आल्यावर तू शाळेत लागलास, मी कचेरीत. तुझ्या घरी आलो की तू आधी पाणी द्यायचास. आल्या माणसाला पाणी सगळेच देतात. पण इतर कोणी आलं की पाणी वहिनी आणायच्या आणि मी आलो की तू. पितळी पेला काठोकाठ भरलेला, आणि माझं पिऊन होईपर्यंत तू समोर उभा. "पी ना पुरं. अजून देऊ?" मग दुसरा पेला. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, हा मला टोचतो. ती म्हणायची, "पाणीच देतात ना बिचारे? तुम्हाला तर कोणी चांगलं वागलं तरी ताप." तिला टाकीचं काही ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

शनवारा चौकातल्या चहाच्या दुकानात बसलो की लोक तुला गलबताची गोष्ट सांगायला लावायचे. तू रंगवून सांगायचास. विंचवाची आणि टेकडीची फजिती स्वतःवर घेऊन सांगायचास. पण पाण्याचा भाग गाळायचास. "वारा पडला. मग पंधराएक दिवसांनी वारा आला." मधले दिवस गायब. ऐकणाऱ्याला कळत नसे, मला कळायचं. मला वाटायचं, हा माझ्यावर उपकार करतो आहे, आणि मला दिसावा म्हणून माझ्या तोंडावर करतो आहे.

तापीला मोठा पूर आला तेव्हा नदीकाठच्या लोकांसाठी धान्य जमा झालं. कोठीवर विश्वासाचा माणूस कोण ठेवायचा असा प्रश्न निघाला, आणि तू चार लोकांत म्हणालास, "वामनले ठेवा. याच्या डोळ्यांतून काही सुटत नाही, अन् तोंडातून काही निघत नाही." लोक हसले. माझे कान तापले. मी त्या कोठीवर घरचा डबा घेऊन बसलो, तिथल्या माठातलं पाणीसुद्धा प्यायलो नाही. तू रोज संध्याकाळी डोकावायचास. "सगळं ठीक ना?" मी हिशेबाच्या वहीत डोकं घालायचो. मला वाटायचं, तपासायला आलास.

हे सगळं लिहिताना माझं मलाच वाईट वाटतं आहे, कारण त्याच वर्षांत तू माझ्यासाठी काय काय केलंस तेही आठवतं. आईचं शेवटचं दुखणं. औषध बुऱ्हाणपुरात मिळेना, तर तू शाळा बुडवून खंडव्याला गेलास आणि त्याच दिवशी परत येऊन बाटली माझ्या हातात ठेवलीस. तुझ्या धोतराला कोळशाची काजळी लागलेली, डोळे लाल. मी तुला बस म्हटलं नाही. आई गेल्यावर दहा दिवस तू माझ्याबरोबर जमिनीवर बसून जेवलास. मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. मित्रांना कोणी देत नाही, पण मी मित्र म्हणून दिले नाहीत असं नाही. तू हे कशाच्या बदल्यात करतोस ते कळेपर्यंत द्यायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं.

आणि मग आपलं शेवटचं भांडण. राज्यांची पुन्हा वाटणी झाली. मध्य प्रदेश हे नाव राहिलं, राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. नाव तेच ठेवून आतला माल बदलला की मला पहिल्यापासून संशय येतो. कचेरीत आम्हा मराठी कारकुनांना विचारलं, मुंबई राज्यात जायचं असेल तर अर्ज करा. मी अर्ज लिहिला. तुला दाखवायला आणला. खरं तर तू काय म्हणतोस ते पाहायला आणला. तू वाचलास आणि चक्क चिडलास. "कायले जाऊन राहिला तू? तू गेला तर इथे मले ओळखणारा कोण उरला?"

मला वाटलं, याचा अर्थ उलटा घ्यायचा. हा मला बजावतो आहे की तुला ओळखणारा मी इथे बसलो आहे. मी म्हटलं, "रघू, तुला काय म्हणायचंय ते एकदाचं सरळ म्हण."

तू अर्जाची घडी करून माझ्या हातात दिलीस. आवाज खाली आणून म्हणालास, "मले काय म्हणायचं? तुले म्हणायचं असेल तर तू म्हण. इतके वर्षं झाले. म्हणून टाक ना भाऊ एकदा."

"मला काही म्हणायचं नाही."

"मग मलेही नाही."

मी चपला घातल्या. तू दारापर्यंत आलास, पण थांब म्हणाला नाहीस.

त्यानंतर तीन आठवडे मी तुझ्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. तू विषमज्वराने पडलास हे मला कळलं होतं. एका संध्याकाळी तुमचे शेजारी निरोप घेऊन आले. "रघूभाऊ तुमची लई आठवण काढून राहिले. येऊन जा म्हणे. काही सांगायचं आहे."

काही सांगायचं आहे. झालं, मी मनाशी म्हटलं, आता बोलणार. वहिनींसमोर, घरच्यांसमोर, अंथरुणावरून म्हणणार, वामन, मी तुला त्या रात्री पाहिलं होतं, पण जा, माफ केलं. मला तुझी माफी नको होती. मरणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि तू तेच साधायला मला बोलावतो आहेस असं मला वाटलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण असंच वाटलं होतं. म्हटलं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी कचेरीत काम निघालं, म्हणजे मी काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या दारात पोचलो तेव्हा अंगणात माणसं उभी होती आणि बांबू आलेले होते.

राजघाटावर तुझ्या भावाच्या मागे उभं राहून मी तुला पाणी दिलं. भटजी म्हणाले, "एवढंसं काय, ओंजळ भरून घ्या." मी ओंजळ भरून घेतली.

काल वहिनींनी बोलावून घेतलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी खाली पाहत बसलो. म्हटलं, माफीचा निरोप असणार. तू गेलास म्हणून तो चुकणार नाही.

"भाऊजी, यांना तुम्हाला एक सांगायचं होतं. तुम्ही आले नाही, मग मलाच सांगितलं. म्हणे, वामनले माझ्या नावानं सांग." त्यांनी दार लोटून घेतलं. "गलबतावर पाणी कमी झालं होतं ना? तेव्हा हे रात्री उठून टाकीतलं पाणी प्यायले. तीन रात्री. लागोपाठ. तुमच्या पहाऱ्यात."

मला वाटलं, माझीच गोष्ट त्या उलटी सांगताहेत. मी विचारलं, "कोण प्यायलं?"

"हेच. दोन रात्री कोणाला कळलं नाही. तिसऱ्या रात्री करवंटी तोंडाला लावली अन् समोर पाहिलं, तर तुम्ही डोलकाठीपाशी बसले होते. वर कंदील. यांच्याकडेच तोंड करून. हे म्हणे, मी तसाच उभा राहिलो, आता वामन ओरडते. तुम्ही ओरडले नाही. सकाळी बोलले नाही. त्या म्हाताऱ्यावर आळ आला तेव्हाही बोलले नाही." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "हे म्हणाले, त्या गलबतावर आपल्या वाट्याच्या वर घोटभर पाणी न घेतलेला एकटा वामन होता. अन् त्यानं माझ्यापायी त्या म्हाताऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेतलं. त्याच्यासमोर बसलं की मले लाज वाटते, अन् तो दोन दिवस दिसला नाही की करमत नाही."

रघू, नऊ वर्षं मी तुझ्यावर जगातला एकूण एक संशय घेतला, हाच एक सोडून. तुझ्या पाण्याच्या पेल्यावर घेतला, तुझ्या खंडव्याच्या औषधावर घेतला, आकाशातल्या विंचवावर घेतला. समोर काठीवरची खूण रोज खाली जात होती आणि मी ती पाहत होतो. तू चोरी करशील हे माझ्या मनातही आलं नाही. आता कळतं की माझा तुझ्यावर केवढा विश्वास होता, आणि तो मला स्वतःला कधी दिसलाच नाही.

"खरंच पाहिलं होतं ना भाऊजी?" वहिनी विचारत होत्या. "शेवटच्या दोन दिवसांत फार घाबरले होते. सारखं म्हणत होते, वामन आला नाही, म्हणजे अजून त्याच्या मनातून गेलं नाही."

मी म्हणालो, "पाहिलं होतं, वहिनी. पण मी ते तेव्हाच विसरलो. आजारी होतो म्हणून येता आलं नाही."

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. म्हणाल्या, "मला ठाऊक होतं." मग त्या चहा करायला उठल्या आणि मी तिथे बसून राहिलो. मी हो म्हणालो ते त्यांच्यासाठी, तुझ्यासाठी की माझी अब्रू राहावी म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

कासमचाचाचा विचार मात्र रात्रभर सोडत नाही. त्याचं गाव कुठलं, घरी कोण होतं, आपण कधी विचारलं नाही. जिवंत असेल तर अजून त्याला वाटत असेल की त्या गलबतावरच्या कोणीतरी आपल्याला बुडवलं. एकाने नाही, दोघांनी, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. तू गेलास, आता त्याच्यासमोर उभं राहायला मी एकटाच उरलो आहे. कचेरीतला अर्ज मी परत घेतला आहे. महिनाअखेर रजा काढून त्या बंदरावर जाईन आणि विचारत फिरेन. भेटला तर तुझंही सांगेन, माझंही सांगेन.

वहिनींना खोटं सांगून झालं. तुला सांगता येत नाही. तू मरताना ज्या वामनला घाबरलास आणि ज्याचे उपकार मानत गेलास, तो त्या गलबतावर नव्हता. मीही प्यायलो होतो, तुझ्या आधी. आणि तुला पाहून मी गप्प बसलो, असंही नाही. पाहिलं असतं तर बहुधा ओरडलोच असतो, सगळी चोरी तुझ्या नावावर जाऊन आपण सुटावं म्हणून. तेवढं मी स्वतःला ओळखतो. वर कंदील होता, म्हणजे माझ्या तोंडावर अंधार असणार, तुला माझे डोळे दिसले नसतील. ते मिटलेले होते, रघू. त्या तिन्ही रात्री मी पहाऱ्यावर झोपलो होतो.